रंगाआधी अस्तर, अस्तराआधी कोरडी भिंत

खरिपाची कापणी मार्गी लागून दसरा-दिवाळी जवळ आली की खेडोपाडी घरांच्या रंगरंगोटीस सुरुवात होते. पूर्वी हे काम घरच्या घरी होत असे. भट्टीचा चुना आणावा, तो भिजवावा आणि घरातील माणसांनीच भिंतींवर हात फिरवावा, अशी रीत होती. आता गावोगावी सिमेंटच्या गिलाव्याची घरे उभी राहिली आहेत, शाळा व ग्रामपंचायतींच्या इमारती पक्क्या झाल्या आहेत आणि डबाबंद रंग तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात. रंगाचे डबे व रंगाऱ्याची मजुरी यांवर होणारा खर्च लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने बियाणे-खतांच्या खर्चाशी तोलून पाहण्याजोगा असतो. असे असूनही पुष्कळ ठिकाणी पुढच्या श्रावणातच भिंतीवर फुगे येतात, पोपडे सुटतात व जोत्यालगतचा रंग पिठासारखा गळू लागतो. मग दोष रंगाला दिला जातो. वास्तविक दोष बहुधा रंगाचा नसतो. रंगाखाली जे असावयास पाहिजे ते तेथे नसते, हेच त्याचे खरे कारण होय.

मशागत न करता टाकलेले बी, ते कितीही उत्तम असले तरी, जोमाने उगवत नाही. भिंतीचेही तसेच आहे. भिंत कोरडी व घट्ट असणे ही मशागत, अस्तर ही पेरणीपूर्वीची शेवटची पाळी आणि वरचा रंग म्हणजे बी, असा हा क्रम आहे. त्यातील पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर पैसा खर्च केल्यास तो पैसा एका पावसाळ्यात वाहून जातो.

अस्तर म्हणजे काय

भिंतीवर रंगाचे जे थर चढतात त्या प्रत्येकाचे काम वेगळे असते. सर्वांत खालच्या थरास अस्तर म्हणतात. बाजारात तो प्राइमर या नावाने मिळतो. गिलावा डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. अशा भिंतीवर थेट रंग दिला तर रंगातील पातळ भाग, म्हणजे त्याला चिकटपणा देणारा अंश, ही छिद्रे शोषून घेतात आणि वर केवळ रंगाची भुकटी शिल्लक राहते. शिवाय भिंतीचा प्रत्येक भाग सारख्या प्रमाणात शोषण करीत नाही. त्यामुळे रंग कोठे गडद तर कोठे फिका दिसतो. अस्तर ही छिद्रे भरून शोषण सारखे करते, सुटे बारीक कण बांधून ठेवते आणि वरच्या रंगाला धरून राहण्यास जागा देते.

अस्तर व वरचा रंग यांच्यामध्ये काही कामांत आणखी एक थर दिला जातो. त्यास मधला हात म्हणता येईल. तो मुख्यतः तेलरंगाच्या कामात, दारे-खिडक्यांवर उपयोगी पडतो. खालचे डाग व जुना रंग झाकणे आणि वरच्या चकचकीत थराला एकसारखी बैठक देणे हे त्याचे काम असते. म्हणून त्याची छटा वरच्या रंगाशी मिळतीजुळती ठेवतात. मधला हात अस्तराची जागा घेऊ शकत नाही आणि अस्तर मधल्या हाताचे काम पुरतेपणी करू शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

नव्या गिलाव्याची घाई

नव्या घराला दिवाळीपूर्वी रंग झालाच पाहिजे या हौसेने पुष्कळदा गिलावा पुरता वाळण्याच्या आतच रंगाऱ्यास बोलावले जाते. सिमेंटच्या गिलाव्यास किमान सात दिवस पाणी मारावे लागते. नाही तर तो कच्चा राहून भुसभुशीत होतो. पाणी मारणे थांबल्यानंतरही भिंतीच्या पोटातील पाणी बाहेर पडण्यास अनेक आठवडे लागतात. साधारणपणे पाण्यात मिसळणाऱ्या रंगासाठी निदान एक महिना आणि तेलरंगासाठी दोन ते तीन महिने भिंत मोकळी ठेवावी. कोकणातील दमट हवेत याहूनही अधिक काळ लागतो.

केवळ पाण्याचाच प्रश्न नाही. ताज्या सिमेंटमध्ये व चुन्यात तीव्र खार असतो. तेल व खार एकत्र आले की साबण तयार होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. ओलसर नव्या गिलाव्यावर तेलरंग दिला असता रंगातील तेलाचा असाच साबण बनतो, रंग चिकट व मऊ पडतो आणि त्यावर डाग उमटून तो सुटू लागतो. भिंतीसाठी विकत घ्यावयाचे अस्तर खारास टिकणारे, सिमेंटच्या भिंतीकरिता असलेलेच असावे. लाकडाचे अस्तर भिंतीला किंवा भिंतीचे लोखंडाला लावू नये.

भिंत वाळली की नाही हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. सुमारे दीड फूट लांब-रुंद असा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवाव्यात व तो रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी तुकड्याच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा त्याखालील भिंत काळपट ओली दिसली तर रंगाचे काम पुढे ढकलावे. ही चाचणी जोत्याजवळ, मोरीमागे व छपराखाली अशी तीन-चार ठिकाणी घ्यावी.

ओल कोठून येते

जुन्या भिंतीवरील रंग सुटण्याचे मुख्य कारण ओल हेच असते. ओल असलेल्या भिंतीवर अस्तराचा कितीही जाड थर दिला तरी ती थांबत नाही. वाट अडल्यामुळे पाणी मागून रेटा देते व अस्तरासह सारा रंग फुगून निघतो. म्हणून आधी ओलीचे मूळ शोधावे.

समईच्या वातीत जसे तेल चढते तसे जमिनीतील पाणी भिंतीच्या छिद्रांतून वर चढते. ओलीची रेषा जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत दिसत असेल तर पाणी खालून येत आहे असे समजावे. घराभोवतीची माती व उकिरडा जोत्याच्या वर चढला असेल तर तो हलवावा, सांडपाण्याचा चर भिंतीपासून दूर न्यावा व वळचणीचे पाणी पायथ्याशी साचू देऊ नये. ओल भिंतीच्या वरच्या भागात असेल तर कौले, पत्रे किंवा स्लॅबची तड तपासावी. कोकणात ज्या बाजूने पावसाची झड येते त्या बाजूस पाखे पुढे काढणे हा कोणत्याही रंगापेक्षा अधिक खात्रीचा उपाय होय.

कालव्याच्या किंवा उपसा सिंचनाच्या पाण्यावर बारमाही पिके घेतली जाणाऱ्या भागात, उदाहरणार्थ कृष्णाकाठच्या क्षारपड झालेल्या गावांत, एक विशेष अडचण उद्भवते. तेथे भूजल वर आलेले असते व त्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी भिंतीतून चढून वाऱ्याने उडून जाते आणि क्षार मात्र मागे राहून पृष्ठभागी पांढरा फुलोरा धरतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. लोणा पाण्याने धुऊ नये. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. तो कोरड्या कुंच्याने झाडून, खाली पडलेली भुकटी गोळा करून भिंतीपासून दूर टाकावी आणि लोणा पुन्हा येतो का ते काही आठवडे पाहावे. येतच राहिला तर त्या पट्ट्यास तेलरंग लावू नये. चुन्याचा हात देणेच तेथे इष्ट असते. चुन्याच्या थरातून ओलीस बाहेर पडता येते.

ओलीकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. शेतकऱ्याच्या घरात धान्याची व बियाण्याची पोती पुष्कळदा याच भिंतींना टेकून ठेवलेली असतात. नवा रंग ओलीचा डाग चार महिने झाकून ठेवतो आणि तोपर्यंत पोत्यांच्या मागील बाजूस बुरशी धरते. पोती फळ्यांवर रचून भिंतीपासून निदान हात-दीड हात दूर ठेवावीत व कोठीच्या खोलीची भिंत वर्षातून दोनदा तरी तळहाताने चाचपून पाहावी.

अस्तर लावण्याची रीत

भिंत कोरडी असल्याची खात्री झाल्यावर सुटे पोपडे लोखंडी पातीने खरवडून काढावेत. जुनी सफेदी असल्यास तिच्यावर तळहात घासून पाहावा. हाताला पांढरी पूड लागत असेल तर ती सफेदी कुंच्याने व खरवडून जितकी निघेल तितकी काढली पाहिजे. पिठूळ थराला चिकटलेला रंग त्या थराबरोबरच गळून पडतो. शेवाळ किंवा बुरशी असल्यास ती घासून, धुऊन भिंत पुन्हा पूर्ण वाळू द्यावी. स्वयंपाकघरातील धुराचा व तेलकटपणाचा थर सोड्याच्या पाण्याने धुऊन, नंतर साध्या पाण्याने स्वच्छ करावा. नंतर काचपेपर फिरवून धूळ कोरड्या फडक्याने झाडावी.

अस्तर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच पातळ करावे. बचतीसाठी त्यात जास्त पाणी घालण्याची सवय वाईट आहे. असे अस्तर छिद्रे भरू शकत नाही व खर्च मात्र होतोच. काम सुरू करण्यापूर्वी व मधूनमधून डबा तळापासून ढवळावा. आधी कोपरे व चौकटींच्या कडा कुंच्याने भरून मग मधला भाग करावा. पहिला हात सुटसुटीत व पातळ असावा आणि तो पूर्ण वाळल्याखेरीज पुढचा हात देऊ नये.

भेगा व खड्डे भरण्यास जी लांबी वापरतात ती दोन प्रकारची असते. पांढऱ्या सिमेंटची भुकटी पाण्यात कालवून केलेली लांबी किंचित ओलावलेल्या गिलाव्यावर लावतात व अस्तर तिच्यानंतर येते. डब्यात तयार मिळणारी लांबी मात्र अस्तरानंतर लावावी आणि ती वाळून काचपेपरने घासल्यावर त्यावर अस्तराचा पुन्हा एक पातळ हात द्यावा. तो न दिल्यास लांबीचे ठिगळ वरच्या रंगातूनही उठून दिसते.

बाहेरच्या भिंतींचे काम पावसाळ्यात करू नये व चैत्र-वैशाखात दुपारच्या उन्हात तापलेल्या भिंतीवरही करू नये. तापलेल्या भिंतीवर अस्तर मुरण्याआधीच वाळते. सावलीची बाजू आधी, ऊन फिरल्यावर दुसरी, असा क्रम ठेवावा.

चुन्याची सफेदी

गोठा, कोंबड्यांचे खुराडे व मातीची किंवा जुन्या चुन्याच्या गिलाव्याची घरे यांना चुन्याची सफेदीच सर्वांत योग्य व स्वस्त होय. चुन्यास वेगळे अस्तर लागत नाही. त्याचा पहिला पातळ हात हेच त्याचे अस्तर असते. तथापि येथे एक उलट नियम आहे. डबाबंद रंगासाठी भिंत कोरडी पाहिजे, तर चुन्याचा हात देण्यापूर्वी भिंतीवर पाण्याचा हलका शिडकावा करावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा घट्ट होतो व त्यासाठी त्याला काही काळ ओलावा हवा असतो. एकदम वाळलेला चुना अंगाला लागतो. हा शिडकावा वरवरचा असतो. पोटातील ओल ही निराळी गोष्ट आहे व तिचे वर सांगितलेले उपाय येथेही करावे लागतात.

एक किलो कळीच्या चुन्यास सुमारे पाच लिटर पाणी हे प्रमाण ठेवावे. लोखंडी पिंपात आधी पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा टाकावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये, कारण भिजताना तो उकळतो व अंगावर उडतो. चोवीस तास मुरल्यावर तो जाडसर कापडातून गाळून घ्यावा. चिकटपणासाठी गरम पाण्यात विरघळविलेला डिंक, दर लिटरला सुमारे चार ग्रॅम या प्रमाणात, मिसळावा. एक हात वरून खाली व लगेच खालून वर, नंतर तो वाळण्यापूर्वी उजवीकडून डावीकडे व डावीकडून उजवीकडे असा कुंचा फिरवला म्हणजे एक थर पूर्ण होतो. नव्या भिंतीस असे तीन थर द्यावेत. चुना भिजवताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यांत चुना गेल्यास न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग चढविण्याचा मोह टाळावा. माती ओलाव्याने फुगते व वाळली की आकसते. सिमेंटचा कडक थर तिच्याबरोबर हलत नाही. तो सुटतो, मागे पोकळी राहते आणि त्या पोकळीत पाणी साचून भिंत आतून खचते. भुसा मिसळून कुजवलेल्या मातीचा गिलावा व त्यावर चुन्याचे पातळ हात हीच मातीच्या घराची योग्य जोडी होय.

दारे, गव्हाणी व शिसे

लाकडी दारांसाठीही अस्तराचा नियम तोच आहे. लाकडाच्या गाठींतून राळ पाझरत असल्यामुळे त्यांवर आधी लाखेचा हात द्यावा. नंतर लाकडाचे अस्तर, मग लांबी, मधला हात व शेवटी तेलरंग, असा क्रम ठेवावा. अस्तराआधी लांबी भरली तर कोरडे लाकूड तिच्यातील तेल पिऊन टाकते व ती निखळते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होऊन ती आपोआप पेट घेऊ शकतात. फडकी पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, केशरी व तांबड्या रंगांत, शिसे असण्याचा संभव फार असतो. शिसे हे विष आहे व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते अपाय करते. केंद्र शासनाने २०१६ साली केलेल्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. हे बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आले. कारखान्यांसाठी असलेल्या रंगांना ते लागू नाही. म्हणून घरासाठी घरगुती रंगच, डब्यावरील मजकूर वाचून घ्यावा. जुना तेलरंग कोरडा घासू नये. तो पाण्याने भिजवून खरवडावा, तोंडाला फडके बांधावे, पोपडे गोळा करून मुलांच्या व जनावरांच्या वाटेबाहेर टाकावेत. गुरांना चाटण्याची सवय असते. गव्हाण, गोठ्याचे खांब व पाण्याची टाकी यांवरील जुना रंग चाटून गुरांना शिशाची विषबाधा होते. गव्हाणीला तेलरंग न लावणेच श्रेयस्कर.

खर्चाचा हिशेब

समजा, खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच आहे. तिच्या चार भिंतींचे क्षेत्र ४२ चौरस मीटर होते. दार-खिडक्यांचे चार चौरस मीटर वजा केल्यास ३८ उरतात. नव्या गिलाव्यावर एक लिटर अस्तर अंदाजे आठ ते दहा चौरस मीटर पुरते असे धरल्यास चार ते पाच लिटर अस्तर लागेल. हा खर्च जास्तीचा वाटतो. परंतु अस्तराविना त्याच भिंतीवर महाग रंगाचा एक अधिक हात शोषणातच जातो आणि पोपडे सुटल्यास खरवडण्याची मजुरी व दुसऱ्यांदा घ्यावा लागणारा रंग असे दोन्ही खर्च पदरी पडतात. पैसा अपुरा असेल तर वरचा रंग साधा घ्यावा, खोल्या कमी घ्याव्यात किंवा काम पुढच्या हंगामावर टाकावे. अस्तर मात्र गाळू नये.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ही गोष्ट व्याख्यानापेक्षा डोळ्यांनी पाहून लवकर पटते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या किंवा चावडीच्या आवारातील, पाऊस लागणारी एक भिंत निवडून तिच्यावर प्रत्येकी एक मीटर रुंदीचे तीन पट्टे आखावेत. पहिल्या पट्ट्यावर भिंत न खरवडता, अस्तराशिवाय रंग द्यावा. दुसऱ्यावर भिंत खरवडून, अस्तर न लावता रंग द्यावा. तिसऱ्यावर भिंत खरवडून व प्लॅस्टिकच्या तुकड्याने कोरडेपणाची खात्री करून अस्तर व मग तोच रंग द्यावा. प्रत्येक पट्ट्याखाली काय केले ते व तारीख लिहून ठेवावी. एक पावसाळा उलटल्यावर तळहात घासून आणि चिकटपट्टी लावून झटक्याने ओढून तिन्ही पट्टे ग्रामस्थांसमोर तपासावेत. पट्टीबरोबर किती रंग सुटून येतो, ते सर्वांना दिसेल.

ग्रामपंचायतीने सार्वजनिक इमारतींचे रंगकाम ठेक्याने देतानाही भिंत खरवडणे, अस्तर व रंगाचे हात या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवाव्यात आणि अस्तर झाल्यावर, रंग चढण्यापूर्वी, एकदा पाहणी करावी. रंग चढल्यावर खाली अस्तर आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते पावसाळ्यातच कळते, आणि तोवर ठेक्याचे पैसे दिलेले असतात.

येत्या दिवाळीस ज्यांना घर रंगवावयाचे असेल त्यांनी भाद्रपदातच भिंतींची पाहणी करून ओलीच्या जागा खुणेने नोंदवून ठेवाव्यात. पाऊस भरात असताना ओल आपले मूळ लपवू शकत नाही. ज्यांचा गिलावा नुकताच झाला असेल त्यांनी या दिवाळीस दारापुढे रांगोळी घालून समाधान मानावे आणि रंगाचे काम माघ-फाल्गुनात करावे. भिंतीला वाळण्यास दिलेले हे तीन-चार महिने पुढील अनेक वर्षांचा खर्च वाचवितात.